खडीवालीचा वाफा

पेटी आली ती भर दुपारी, रिकाम्या ट्रकच्या टपावर बांधून. ट्रकवाल्याने दोरी सोडली, पेटी खाली घेतली, खडीवालीच्या दारात टेकवली आणि मानेवरचा घाम पुसत म्हणाला, "तुमच्या जावयाने दिलीय. एवढी पोचती करा म्हणाला."

"आणखी काही म्हणाला?"

"नाही. घाईत होता."

घाई ट्रकवाल्यालाही होती. तिने पाणी विचारायच्या आत तो वळलासुद्धा. लग्नात दिलेली तीच पत्र्याची पेटी होती. कोपरे चेपले होते, कुलूप नव्हतं, कडीला जुन्या कापडाची चिंधी बांधली होती.

दारापाशी दगडावर तिचा नवरा बसला होता. सत्तावीस वर्षं त्याने खाणीत सुरुंग ठासले. त्यात कान गेले आणि मागोमाग छातीही भरली. त्याचं खरं नाव आता कुणाच्या तोंडी नव्हतं, सगळे सुरुंग्याच म्हणत.

"काय आलं गं?" त्याने विचारलं.

"पेटी."

"बेटी? ती तर आहेच की आत."

"पेटी हो, पेटी! धाकटीची पेटी! जावयाने पाठवली!"

एवढ्या मोठ्याने ओरडावं लागलं की अकरा खोल्यांच्या चाळीत जेवढी दारं उघडी होती तेवढ्या दारांत एकेक डोकं आलं. या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. बरं असो, वाईट असो, सुरुंग्याला सांगायचं म्हणजे दवंडी पिटायची.

सुरुंग्याने पेटीकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग खोकल्याची उबळ आली आणि तो वाकून बसला.

धाकटी आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाच महिन्यांपूर्वी, आठवा सरत असताना तिचं मूल पोटातच गेलं. "महिनाभर विश्रांती घेऊ दे, मग न्यायला येतो," असं म्हणून नवऱ्याने तिला आणून सोडली होती. महिना झाला, दोन झाले. थोरली मुलगी दूर दिली होती, तिचं तिलाच पुरत नव्हतं. सांगणार कुणाला? धाकटी उठायची, अंघोळ करायची, समोर ठेवलं तर चार घास गिळायची आणि पुन्हा आडवी व्हायची. रडायचीही नाही. रडली असती तर खडीवालीला बरं वाटलं असतं.

"पेटी आलीय तुझी," खडीवाली म्हणाली.

"ठेव कुठेही."

"उघडून तरी बघ."

"काय बघायचंय? माझीच आहे ना."

खडीवालीने पेटी ओढत कोपऱ्यात नेली. फरशीवर पत्रा किरकिरला. तेवढ्यानेच तिच्या डोक्याची शीर ठणकायला लागली. मीठ घालून शिजवलेला भात पातेल्यात तसाच होता. त्याच्यासोबत खायला काल काही नव्हतं, आज नव्हतं, उद्याही नसणार होतं. खाण बंद होऊन सत्तर दिवस झाले होते. मालक गेला, दोघा मुलांचं पटेना, फाटकाला दोन कुलपं लागली, एक थोरल्याचं, एक धाकट्याचं. निम्मी चाळ काम शोधत निघून गेली होती. उरले ते, ज्यांना जायला जागा नव्हती तेवढेच.

ती मागच्या दाराने बाहेर पडली. भिंतीला पहार टेकलेली होती. तिने ती उचलली आणि जमिनीत हाणली.

खोल्यांमागची ती जमीन म्हणजे जमीन नव्हतीच. वर्षानुवर्षं तिथे खडीचा चुरा सांडला होता, त्यावरून गाड्या फिरल्या होत्या, ऊन खाऊन तो सिमेंटसारखा बसला होता. पहार टणकन उडाली आणि तळहातापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. तिने पुन्हा हाणली. एक जावयाच्या नावाने. एक त्याच्या आईच्या नावाने, जिने पेटीला साधं कुलूपही लावलं नाही. एक त्या दोन कुलपांच्या नावाने. मग नावं संपली तरी ती हाणतच राहिली. तोंडातून हुं, हुं आवाज निघत होता तो तिचा तिलाच ऐकू येत नव्हता.

"काय गं, काय चाललंय हे?"

पलीकडच्या खोलीतली काटेवाली होती. नवरा खाणीच्या वजनकाट्यावर होता म्हणून काटेवाली, पण चाळीचं म्हणणं होतं की नवऱ्याचा काटा नसता तरी तिला हेच नाव पडलं असतं.

खडीवाली थांबली. छाती भात्यासारखी हलत होती. समोर वीतभर फुटलेली जमीन होती. काय सांगणार? राग काढतेय म्हणून सांगणार?

"वाफा करतेय," ती म्हणाली.

"वाफा? इथे?"

"का? भाजी लावीन."

काटेवाली कमरेवर हात ठेवून हसली. "लाव लाव. गिट्टीची भाजी उगवेल. शिजली की वाटीभर आम्हालाही दे."

संध्याकाळपर्यंत चाळभर झालं, खडीवाली वाफा करतेय. आता तो करणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहार घेऊन बाहेर आली तेव्हा सुरुंग्या दगड सोडून मागे आला.

"काय करतेस?"

"वाफा!"

"वाफ? कसली वाफ? चूल तर पेटली नाही."

"वाफा हो! भाजीचा! भाजीचा वाफा!"

"डोकं फिरलंय तुझं," तो शांतपणे म्हणाला आणि भिंतीच्या सावलीत टेकला.

तिने चार हात लांब आणि अडीच हात रुंद असा चौकोन आखला. पहिल्या दिवशी त्यातला जेमतेम दोन वितींचा तुकडा फुटला. पहार मारायची, ढेपळ सुटलं की हाताने उपसायचं, दगड निघाला की एका बाजूला, चुरा दुसऱ्या बाजूला. खडी फोडण्यात तिची हयात गेली होती, पण ते काम बसून करायचं. हे उभ्याने होतं. दुपारपर्यंत कंबर धरली, तळहातावर जुन्या घट्ट्यांच्या मधे नवे फोड आले. फोड फुटला तेव्हा तिने डोक्याचं फडकं फाडून हाताला गुंडाळलं आणि पुन्हा उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी एक धोंडा लागला. मेंढराएवढा असेल. तिने त्याच्या चारी बाजूंनी उकरलं, खाली पहार घातली, पहारीखाली दुसरा दगड सरकवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. धोंडा हलला नाही. ती पहारीवर जवळजवळ लोंबकळली. तरी नाही. मग शिव्या देत, घसरत, पुन्हा टेकू लावत तिने अर्धी सकाळ घालवली आणि अचानक, दात निसटावा तसा तो धोंडा निसटला. ती पालथी पडली. उठून पाहिलं तर धोंड्याच्या जागी खोल, ओलसर, तांबूस खळगा होता. ओलसर! तिने आत हात घातला. खालची माती गार होती.

आणि तिला बरं वाटलं.

एकदम, काही कारण नसताना, पोटातून बरं वाटलं. ती त्या खळग्यात हात घालून बसली आणि हसली. मग लगेच तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. आत लेक भिंतीकडे तोंड करून पडलीय, नवऱ्याला श्वास पुरत नाही, पिठाचा डबा खडखडतोय आणि आपण इथे हसतोय. तिला स्वतःची लाज वाटली. हात काढून घेतला, पण हाताचा गारवा काही वेळ गेला नाही. त्यानंतरचे दिवस ती सकाळी डोळे उघडल्याबरोबर पहारीची वाट पाहायची आणि आपण वाट पाहतोय हे कुणाला कळू नये म्हणून कण्हत उठायची.

सुरुंग्या रोज सावलीत बसून बघत होता. पाचव्या दिवशी त्याला राहवलं नाही. तो उठून आला, चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात जमिनीवर तळहात टेकवला आणि म्हणाला, "मार पहार."

"कुठे?"

तो तिच्या तोंडाकडेच बघत होता, त्यामुळे कळलं. "तिथे. हं. आता इकडे. आता इकडे मार." प्रत्येक घावागणिक त्याने हात सरकवला, डोळे मिटले. "हा कोपरा सोड. खाली सलग पाषाण आहे, मरेपर्यंत खणलंस तरी निघणार नाही. वाफा खालच्या अंगाला सरकव. तिथे भराव आहे, पोकळ लागतंय."

"चार दिवस बसून बघत होतात, आधी सांगता येत नव्हतं?"

"काय?"

"काही नाही!"

वाफा हातभर खाली सरकला. वरच्या कोपऱ्यातली दोन दिवसांची मेहनत वाया गेली, पण खालचं अंग खरंच सोपं होतं. आठवड्याभरात दीड हात खोल खड्डा तयार झाला आणि त्याच्या कडेला दगडांचा ढीग उभा राहिला. काटेवाली येता-जाता विचारायची, "विहीर कुठवर आली?"

आता माती हवी होती. माती होती ती पलीकडच्या आटलेल्या तळ्यात, आणि तळ्यावर वीटभट्टीवाल्याचा कब्जा होता. चालत जायला पाऊण तास. खडीवाली डोक्यावर घमेलं पालथं घालून गेली. भट्टीवाला बाजेवर बसून दात कोरत होता.

"दोन घमेली गाळ हवाय, दादा."

"कशाला?"

"वाफ्याला."

त्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "गाळ काय फुकट पडलाय? त्या तिथल्या कच्च्या विटा उलट्या कर. चारी रांगा. मग ने."

चारी रांगा म्हणजे पाचशेच्या वर विटा होत्या. वरून सुकलेल्या, खालून ओल्या. एकेक वीट दोन्ही हातांनी हळूच उचलायची, कूस बदलून ठेवायची. कोपरा मोडला की भट्टीवाला बाजेवरून म्हणायचा, "हात आहेत का पाय?" ती पुढची वीट उचलायची. वाकून वाकून डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा चौथी रांग संपली. एक घमेलं घरी पोचवून ती दुसरं न्यायला पुन्हा आली. दोन घमेल्यांनी खड्ड्याचा तळही नीट झाकला गेला नाही. किमान चाळीस लागणार होती.

असं तिने सहा दिवस केलं. सातव्या दिवशी परत येताना, भरलं घमेलं डोक्यावर असताना पाय खडीवरून सटकला. घमेलं पडलं, माती सांडली, घोटा मुरगळला. ती रस्त्यातच बसून ती काळी माती दोन्ही हातांनी गोळा करत राहिली. खड्यांसकट जेवढी आली तेवढी भरली आणि घमेलं मांडीवर घेऊन, बसत उठत, लंगडत घरी आली. घरी पोचेपर्यंत घोटा भोपळ्याएवढा झाला होता.

ती मागच्या दारात बसली आणि तिला रडू फुटलं. पेटी आली तेव्हा ती रडली नव्हती. आता एका घमेल्यासाठी रडत होती, नाक ओढत, तोंड उघडून, लहान मुलासारखी.

सुरुंग्याने तिचा पाय मांडीवर घेतला, दाबून पाहिला. "मोडला नाही. आठ दिवस बसावं लागेल."

"मग झालंच! सगळं झालं! वाळून जाईल सगळं!"

"काय वाळेल? अजून काही लावलंयस कुठे?"

तेव्हा आतून पावलं आली. धाकटी दारात उभी होती. केस विस्कटलेले, चेहरा उशीच्या सुरकुत्यांनी भरलेला. तिने आईचा घोटा पाहिला, मग खड्डा पाहिला. इतक्या दिवसांत तिने तो पहिल्यांदाच पाहिला असावा.

"एवढा रुंद कशाला केलास?" ती म्हणाली. "मधे हात कसा पोचेल? आत पाय टाकावा लागेल."

खडीवालीचं रडणं अर्ध्यावर थांबलं. "पोचेल की."

"नाही पोचणार. सासरी..." ती थांबली. मग म्हणाली, "सासरी मीच करायचे. दोन हातांच्या वर नको." आणि रिकामं घमेलं उचलून ती निघाली.

"अगं, काही खाऊन तरी जा! त्या भट्टीवाल्याचं तोंड..."

धाकटी केव्हाच चाळ ओलांडून गेली होती.

ती परत आली ती दुपार कलल्यावर. डोक्यावर शिगोशीग गाळ, कोपरापर्यंत चिखल. घमेलं खड्ड्यात उपडं करून ती भिंतीला टेकली. पाच महिने पडून राहिलेलं अंग ते.

"विटा उलट्या करायला लावल्या?" आईने विचारलं.

"हं."

"काही बोलला?"

"म्हणाला, हात आहेत का पाय." धाकटी तांब्या उचलून घटाघटा पाणी प्याली आणि तिने हनुवटी पुसली. "मी म्हटलं, हात आहेत, जवळ ये, दाखवते."

"अगं बाई! मग?"

"मग काही नाही. उद्यापासून तीन घमेली ने म्हणाला."

"काय म्हणतेय?" सुरुंग्याने विचारलं.

"भट्टीवाल्याला हात दाखवला हिने!" खडीवाली ओरडली.

"हात बघतो तो? ज्योतिषी झाला का?"

धाकटीच्या तोंडातलं पाणी नाकातून आलं. ती खोकली, ठसकली आणि तशीच हसत सुटली. खडीवालीही हसायला लागली, सुजलेला पाय धरून, आई गं, आई गं करत. सुरुंग्याला काही कळलं नाही, पण दोघी हसतायत म्हणून तोही हसला आणि हसता हसता खोकला. हसू थांबल्यावर मग धाकटी रडली. बराच वेळ. खडीवाली फरफटत तिच्याजवळ गेली आणि तिच्या चिखलाच्या हातांवर आपला हात ठेवून बसली.

पुढचे बारा दिवस धाकटीने गाळ वाहिला. सकाळी खाऊन जायची, कारण न खाता गेलं की रस्त्यात गरगरायचं, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. खडीवाली बसल्या जागी चाळणीने चुरा चाळायची, खडे काढायची, ढेकळं बोटांनी फोडायची. सुरुंग्याने निघालेल्या दगडांची वाफ्याला कड रचून दिली. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, पण असा बसवला की बोट शिरू नये. वाफा दोन हातांचाच झाला. धाकटीने म्हटलं तसा.

गोठेवाल्याकडून तिने कुजलेलं शेण आणलं, त्याच्या बदल्यात गोठा झाडून दिला. गाळ, चाळलेला चुरा, शेण. ती हे सगळं गुडघ्यांवर बसून कालवायची, कणीक मळावी तसं, आणि मधेच मूठ भरून दाबायची, उघडायची, बघायची.

"अजून चिकट आहे. चुरा टाक."

"टाकते बाई. सासू आहेस का माझी?"

"सासू असते तर अजून टाकायलाच लावला असता."

एका दुपारी माती पुरी झाली. धाकटीने वाफ्यावरून तळहात फिरवला, सपाट केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हात सहज गेला. तिथे महिन्यापूर्वी पहार उडत होती. तिने हात तसाच ठेवला आणि डोळे मिटले. आईने ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

मुळा आणि पालक पेरला. नळ तासभरच यायचा, म्हणून भांडी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, अंघोळीचं, सगळं पाणी वाफ्यात जायचं. सुरुंग्या चूळही वाफ्याच्या कडेला भरायला लागला. पाचव्या दिवशी मुळा वर आला. दोन-दोन पानांच्या रांगा, वाकलेल्या माना. धाकटीने आईला हाक मारली, ती हाक अशी होती की खडीवालीला वाटलं साप निघाला.

काटेवाली बघून गेली. काही बोलली नाही, म्हणजे तिला आवडलं होतं.

पेरून वीस दिवस झाले असतील. पालकाला तिसरं-चौथं पान आलं होतं, तेव्हा मुकादम आला. फाटकाची दोन्ही कुलपं निघाली होती. दोघा भावांनी खाण तिसऱ्याच कुणाला विकली होती.

"परवापासून काम सुरू!" मुकादमाने चाळीपुढे उभं राहून सांगितलं. "उद्या सकाळी माणसं घेणार. सगळ्यांनी यायचं."

लोक घराबाहेर आले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काटेवाली भिंतीला डोकं टेकवून देवाचं नाव घ्यायला लागली. खडीवालीनेही मनात हिशेब मांडला, काम म्हणजे तांदूळ, तेल, सुरुंग्याचं औषध. तोवर मुकादमाचा माणूस चाळीमागे गेला होता. त्याच्या हातात चुन्याचं घमेलं होतं. तो वजनकाट्यापासून सरळ रेघ ओढत आला. बंद खाणीतलं पाणी जुन्या रस्त्यावर साठलं होतं, नवा रस्ता खोल्यांच्या मागून काढायचा होता. पांढरी रेघ वाफ्याच्या कडेशी आली, दगड ओलांडला, पालकावरून गेली आणि पलीकडे उतरली.

"अहो, हे काय!" खडीवाली धावली. "इथे वाफा आहे!"

मुकादम आला. "हां, दिसतोय. परवा ट्रक जाणार इथून."

धाकटी पुढे झाली. "दहा हात पलीकडून नेता येणार नाही? मोकळीच आहे जागा."

"ट्रक वळत नाही तिकडून."

"मी बघितलंय, वळतो. पाणी भरायचा टँकर वळतो."

"टँकर रिकामा जातो बाई, ट्रक भरलेला. तुझ्या चार मुळ्यांसाठी आता खाणीने रस्ता वळवायचा?"

चाळ हसली. चार महिने अर्धपोटी असलेली चाळ, कामाच्या आनंदात हसली. धाकटी अजून काही म्हणणार, तेवढ्यात काटेवाली पुढे आली. तिचा आवाज फाटला होता. "पुरे गं! महिनाभर तुमचं कौतुक ऐकलं. आता त्यांनी काम फिरवलं, दुसरीकडे नेलं तर? आमच्या पोटावर पाय देऊ नका!"

खडीवालीने लेकीचा हात धरून मागे ओढलं. तो हात थंड पडला होता. तिला वाटलं, गेली. आता ही पुन्हा आत जाऊन पडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी रांग लागली. सुरुंग्याने अंगात धुतलेला सदरा घातला होता, दाढी केली होती. मुकादमाने त्याला ओळखलं, पाठीवर थोपटलं आणि हाताने खूण केली, खाली खाणीत उतर आणि वर ये. सुरुंग्या उतरला. उतरताना ठीक होता. चढताना तो पहिल्या वळणावर थांबला, दगड बघायला थांबल्यासारखं करून. मग दुसऱ्या वळणावर थांबला. तिसऱ्या वेळी त्याने गुडघ्यांवर हात ठेवले आणि बराच वेळ मान वर केली नाही. निळ्या पडलेल्या ओठांनी तो वर आला, तरी हसत होता.

"काका, आता घरी बसा," मुकादम म्हणाला.

"कधीपासून येऊ?" सुरुंग्याने विचारलं.

"घरी बसा म्हणतो. काम जमणार नाही."

"सकाळच्या पाळीला ना?"

मुकादमाने चहूकडे पाहिलं, मग तोंडाला हात लावून ओरडला, "घरी बसा, काका! तुमचं आता काम नाही!"

रांगेतले लोक खाली बघायला लागले. सुरुंग्या हसत होता, हळूहळू हसू विझलं. खडीवालीने जाऊन त्याचं कोपर धरलं आणि बाजूला नेलं. सदऱ्यातून त्याचं हाड हाताला लागलं.

खडीवालीला खडी फोडायला घेतलं. मग मुकादमाने धाकटीकडे बघितलं. "हिलाही घेतो. तरणी आहे. उद्यापासून दोघी या."

"मी परवापासून येईन," धाकटी म्हणाली.

"का? उद्या काय आहे?"

"काम आहे."

"कसलं काम?"

"मातीचं."

मुकादमाने तिच्याकडे बघितलं आणि नाव परवाच्या यादीत लिहून घेतलं.

घरी येऊन धाकटीने पहार उचलली ती थेट पुढच्या दाराशी आली. सुरुंग्या बसायचा तो दगड तिने ढकलून बाजूला केला. दार आणि मोरी यांच्यामध्ये तीन हात लांब, दीड हात रुंद पट्टा होता, त्याच्यावर जुनी फुटकी फरशी. तिने फरशीच्या सांध्यात पहार घातली आणि उचकटली. सबंध दिवसभर ती खणत राहिली. खडीवाली मागे बसून वाफा मोकळा करत होती. आधी तिने पालक उपटला, मग मुळा. मुळ्यांना करंगळीएवढा पांढरा कंद धरला होता. उपटताना ती प्रत्येकाला म्हणत होती, "ये बाबा, ये." एक जुडी जेमतेम झाली. ती धुऊन भातात घातली, मीठ टाकलं आणि तिघांनी खाल्लं. मुळ्याची पानं तिखट होती. सुरुंग्याने ताट बोटाने पुसलं. जेवण झाल्यावर उठला आणि मागच्या वाफ्याच्या कडेचे दगड एकेक काढून, दर दगडाला थांबत, पुढे आणून ठेवायला लागला. खडीवालीने त्याला बस म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रकचा रस्ता सुरू व्हायच्या आत माती हलवायची होती. मुकादमाने दुपारपर्यंत मुदत दिली. खडीवाली पहिल्या पाळीला खडी फोडायला गेली होती. तिच्या हातोड्याचा आवाज खाणीतून येत होता. धाकटी घमेली भरून मागून पुढे आणत राहिली. पुढचा खड्डा लहान होता, चाळीस घमेल्यांतली जेमतेम वीस मावणार होती. उरलेली माती तिने दाराच्या बाजूला ढीग करून ठेवली. दुपारी पहिला ट्रक आला. भरलेला. जुन्या वाफ्याच्या खळग्यात त्याचं चाक धप्पकन बसलं, गाडी घुरघुरली आणि पुढे निघून गेली. मुकादमाच्या माणसाने खळग्यात चुरा लोटला. दुसऱ्या ट्रकला धप्प आवाज आला नाही.

खडीवाली संध्याकाळी परत आली ती दारातच बसली. बोटं वळत नव्हती. धाकटी नव्या वाफ्यात गुडघ्यांवर होती, नाकावर माती. सुरुंग्या भिंतीला टेकून धापत होता.

"ट्रक गेले?" आईने विचारलं.

"नऊ."

"आणि तू?"

"मी काय? अजून शेण टाकायचंय. उद्या कामावरून येताना गोठेवाल्याकडे जाईन."

जावई येणार नव्हता हे खडीवालीला ठाऊक होतं, धाकटीलाही. सुरुंग्याचा हा हिवाळा निघेल की नाही हे मात्र ठाऊक नव्हतं. दोघींच्या हातोड्यावर तीन तोंडं चालायची होती. खडीवालीने डोळे मिटून डोकं चौकटीला टेकवलं.

"ए," कुणीतरी म्हणालं.

काटेवाली होती. हातात रिकामं घमेलं, नजर दुसरीकडेच. "ती माती उरलीय ना? दोन घमेली मला दे."

खडीवालीने डोळे उघडले. पोटावर पाय देऊ नका म्हणणारं तोंड तिला आठवलं आणि जिभेवर चांगलं चार शब्दांचं उत्तर तयार झालं. पण धाकटी आधी बोलली.

"कुठे घालणार?"

"दाराशी. तुझ्यासारखं."

"आधी खण. दीड हात झाल्याशिवाय माती मिळायची नाही."

"दीड हात!" काटेवाली म्हणाली. "माझ्याच्याने? त्या फरशीला?"

"मग नको नेऊस."

काटेवाली घमेलं घेऊन तशीच उभी राहिली. मग अगदी लहान आवाजात, तिच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, म्हणाली, "पहार कशी धरायची ते तरी दाखवशील?"

धाकटीने बोटांतली माती वाफ्यात झटकली. उठताना गुडघे वाजले. तिने पहार खांद्यावर टाकली आणि काटेवालीच्या दाराकडे चालत गेली. सासरहून आल्यापासून ती शेजारणीच्या दारात पहिल्यांदाच जात होती. खडीवाली बघत राहिली.

"पाय बाजूला घे," पलीकडून लेकीचा आवाज आला. "नाहीतर बोट तोडून घेशील."